आटगाव डॉट काय?

समजा, आटगावच्या घरच्या शेतातला तांदूळ तुम्हाला ऑनलाइन विकायचाय. वेबसाइटचं नाव ठरलं, पण स्पेलिंग? सुरुवातीला एक 'ए' की दोन? शेवटी 'जीएओएन' की 'जीएव्ही'? कसारा लोकलने येणारा माणूस स्टेशनच्या पाटीवरचं स्पेलिंगच टाइप करणार. मग तेच घ्या. फोनवर एकदा सांगून मित्राला बरोबर लिहिता आलं, तर नाव पास!

'डॉट कॉम' मिळालं नाही, तर 'डॉट इन' आहे. २०१४पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळतं. तिथे स्पेलिंगचा घोळ नाही. 'गाव'वर अनुस्वार द्यायचा का, एवढंच ठरवा. मात्र इंग्रजी कीबोर्डवाल्या गिऱ्हाइकासाठी रोमन नावही जवळ असू द्या.

आणि हो, डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते भाड्याने घ्यायचं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. म्हणून पहिल्या वर्षाच्या ऑफरला भुलू नका, रिन्यूअलचा दर बघा. सगळ्यात महत्त्वाचं, वेबसाइट बनवून देणारा मित्र कितीही जिगरी असो, नोंदणी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवरच करा. नाहीतर शेत तुमचं, सातबारा त्याचा!