वाढत्या कूर्चेवरील स्टेरॉइडांचा अंमल

हाड लांबीने वाढते ते त्याच्या टोकाशी असलेल्या कोवळ्या कूर्चेच्या पट्टीत, ही गोष्ट शरीरशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होती. परंतु त्या कूर्चेत चुना कशाच्या योगाने साठतो याचा पहिला भक्कम दाखला मिळाला तो १९२३ साली, जेव्हा लंडनच्या लिस्टर संस्थेत रॉबर्ट रॉबिसन यांनी वाढत्या वयाच्या प्राण्यांची हाडे शर्करा-फॉस्फेटाच्या कॅल्शियमयुक्त द्रावणात ठेवली आणि त्यातील फॉस्फेट मोकळे होऊन पांढरा साका धरू लागला. हे काम ज्या एंझाइमाचे, ते अल्कलाइन फॉस्फेटेज.

१९४९ मध्ये मेयो क्लिनिकच्या हेंच व केंडॉल यांनी कॉर्टिसोन या स्टेरॉइडाचा संधिवातावरील गुण जाहीर केला, लगोलग १९५० चे नोबेल पारितोषिकही त्यांच्या पदरी पडले. आणि थोड्याच वर्षांत, दीर्घ मुदतीच्या उपचाराने मुलांची उंची खुंटते, हेही वैद्यांच्या नजरेस आले.

स्टेरॉइडे कूर्चेत प्रत्यक्ष करतात काय, याचा सूक्ष्म शोध टेक्सासात बार्बरा बॉयन व झ्वी श्वार्ट्झ यांनी १९८० नंतर घेतला. उंदरांच्या बरगड्यांतील कूर्चेच्या विश्रांत व वर्धमान पेशी त्यांनी निरनिराळ्या वाढविल्या, तेव्हा स्टेरॉइडांच्याच कुळातील ‘ड’ जीवनसत्त्वाचे एक रूप वर्धमान पेशींतील फॉस्फेटेज चेतविते, तर दुसरे रूप विश्रांत पेशींतील, असे आढळले. इतकेच नव्हे, तर पेशींनी भोवतालच्या द्रव्यात सोडलेल्या, केंद्रक नसलेल्या सूक्ष्म पुटिका अलग काढून त्यांवर ‘ड’ जीवनसत्त्वाचे तेच संप्रेरक-रूप घातले असताही त्यांतील एंझाइमाची क्रिया बदलली! संप्रेरकाचा हुकूम केवळ जनुकांच्या दप्तरातूनच सुटतो, या समजुतीला यापरता स्पष्ट छेद कोणता, असे मला वाटते. लिंगसंप्रेरकांच्या बाबतीत तर मादीच्या व नराच्या पेशींची उत्तरेही भिन्न निघाली.

लिंगसंप्रेरकांच्या या अंमलाची माणसातील निर्णायक साक्ष १९९४ साली आली: इस्ट्रोजेनचा ग्राहक निकामी असलेल्या २८ वर्षांच्या एका पुरुषाची उंची २०४ सेंटिमीटर होती, टेस्टोस्टेरोन यथायोग्य असूनही त्याच्या कूर्चापट्ट्या मिटल्या नव्हत्या आणि तो वाढतच होता. पुरुषाची वाढ थांबविणारे संप्रेरकही अखेर इस्ट्रोजेनच, हे त्याने सिद्ध झाले.

दम्यासाठी मुलांना श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडाने प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने घटते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहणीत दिसले. घट अल्प आहे, दम्याचा धोका मोठा. म्हणून पालकांनी औषध आपल्या मनाने बंद करू नये, मुलाच्या उंचीची नोंद मात्र नियमाने ठेवावी आणि ती डॉक्टरांना दाखवावी.