अपुरी पाने आणि पणाला लावलेल्या चिप्स

पत्त्यांवरील लेख डॉक्टरांच्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे आणि त्याची किंमत आधी मोजून पाहणे हे आपल्या व्यवसायात रोजचेच आहे. तोच हिशोब टूर्नामेंट पोकरमध्ये जितका उघडा दिसतो, तितका तो बाह्यरुग्ण विभागात सहसा दिसत नाही, एवढेच याचे उत्तर. इच्छापोरला आम्ही काही मित्र हा खेळ चिंचोक्यांवर खेळतो. पैसे लावत नाही, आणि लावणे योग्यही नव्हे. गुजरातेत १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकर हा जुगारच ठरविला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. (श्रावणात आपल्या आसपास पत्ते किती उत्साहाने पिसले जातात, हा निराळा विषय.) चिंचोक्यांनी हिशोबात मात्र काही फरक पडत नाही.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येकाला दोन बंद पाने मिळतात आणि मध्ये पाच सामाईक पाने उघडली जातात : आधी तीन, म्हणजे फ्लॉप, मग एक, म्हणजे टर्न, आणि शेवटचे रिव्हर. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. सात पानांतून ज्याचा पाच पानांचा संच सरस, त्याचा डाव. आता समजा, माझ्या हातात बदामाची दोन पाने आहेत आणि फ्लॉपमध्येही दोन बदाम उघडले. पाचवे बदाम आले की माझा फ्लश, म्हणजे तीन पत्तीवाल्यांचा 'कलर', पूर्ण होईल. तोवर माझ्यापाशी नुसती आशा आहे. या आशेला पोकरच्या भाषेत 'ड्रॉ' म्हणतात.

या आशेचे माप नेमके घेता येते. न दिसलेली पाने ४७, त्यांत उपयोगाची ९. पुढच्याच पानावर काम होण्याची शक्यता १९ टक्के, आणि दोन्ही पाने पाहायला मिळाली तर ३५ टक्के. तोंडी हिशोबासाठी खेळाडू फ्लॉपवर उपयोगाच्या पानांना चाराने आणि टर्नवर दोनाने गुणतात. उत्तर पुरेसे जवळ येते. नवशिक्याची गफलत बहुधा इथेच होते. ३५ टक्के हा आकडा सर्व चिप्स आत्ताच मध्ये जात असतील तरच खरा. प्रतिस्पर्ध्यापाशी टर्ननंतर पुन्हा बोली लावायला चिप्स उरत असतील, तर आजच्या किमतीत एकच पान विकत मिळते आणि मग १९ टक्क्यांवरच भागवावे लागते. शिवाय नऊची नऊ पाने आपली असतात असेही नाही. समोरच्याच्या हाती बदामाचा एक्का आणि आणखी एक बदाम असेल, तर आपला फ्लश पूर्ण होऊनही आपण हरतो.

शक्यता कळली, आता किंमत. मध्ये ७००० चिप्स जमल्या आहेत आणि पुढे राहायला मला ३००० टाकाव्या लागणार आहेत. धोका ३००० चा, लाभ ७००० चा. धोक्याला धोका अधिक लाभ यांनी भागले की ३० टक्के येतात. जिंकण्याची शक्यता याहून अधिक असेल तर पुढे जावे, कमी असेल तर पाने टाकावीत. हे सूत्र आपल्यापैकी पुष्कळांनी दुसऱ्या वेषात पाहिले आहे. स्टीफन पॉकर आणि जेरोम कॅसिरर यांनी १९७५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये उपचाराचा उंबरठा मांडला तो हाच : निदानाची खात्री किती टक्के झाली म्हणजे उपचार सुरू करावा, हे उपचाराची हानी आणि त्याचा लाभ यांच्या प्रमाणावरून ठरते. (पहिल्या लेखकाचे आडनाव खेळाच्या नावाशी जुळावे, हा निव्वळ योगायोग.)

साध्या खेळात बात इथे संपते. टूर्नामेंटमध्ये ती इथे सुरू होते. तिथे प्रवेश शुल्क भरून सर्वांना सारख्या चिप्स मिळतात, त्या मध्येच वटवता येत नाहीत, संपल्या की माणूस बाहेर, आणि बक्षिसे शेवटच्या मोजक्या खेळाडूंना. म्हणजे चिप हे चलन नव्हे, टिकून राहण्याचे साधन आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. चार खेळाडू उरले आहेत. बक्षिसे तीन : ५०,०००, ३०,००० आणि २०,०००. प्रत्येकाजवळ ५००० चिप्स होत्या. या डावात मी आणि समोरचा, दोघांनी २००० घातल्या आणि फ्लॉपवर त्याने उरलेल्या ३००० एकदम लोटल्या. माझ्यापाशी वरचाच बदामाचा ड्रॉ. चिप्सच्या भाषेत ३० टक्के हवेत, ३५ आहेत. बिनदिक्कत पुढे जावे. आता बक्षिसाच्या भाषेत पाहू. मेसन माल्मुथ यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पहिल्या क्रमांकाची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरतात, मग तो खेळाडू वगळून उरलेल्यांत त्याच रीतीने दुसरा, मग तिसरा. (मुळातली कल्पना डेव्हिड हार्विल यांनी १९७३ मध्ये शर्यतीच्या घोड्यांसाठी मांडली होती.) पाने टाकली तर माझ्या ३००० चिप्सचे मोल सुमारे १७,७०० भरते. पुढे जाऊन जिंकलो तर १०,००० चिप्स होतात, पण त्यांचे मोल ३८,३०० च. हरलो तर शून्य. तेच सूत्र पुन्हा लावा : धोका १७,७००, लाभ २०,६००. उंबरठा ४६ टक्क्यांवर गेला! ३५ टक्क्यांवर पुढे जाण्याचे मोल १३,४०० भरते, म्हणजे पाने टाकण्यापेक्षा ४,३०० ने कमी. पाने तीच, शक्यता तीच. बदलले ते हानीचे माप. हातून जाणारी चिप हाती येणाऱ्या चिपेपेक्षा महाग असते, आणि बक्षिसांच्या तोंडाशी ती सर्वांत महाग असते.

हजिऱ्याच्या कारखान्यांत कंत्राटी काम करणारे खानदेशातले रुग्ण आपल्याकडे येतात. हर्नियाची शस्त्रक्रिया सुचवताना आपण यशाची टक्केवारी सर्वांना एकच सांगतो, आणि ती एकच असतेही. पण कायम नोकरीतला माणूस काही आठवडे रजेवर जातो, आणि कंत्राटी कामगाराची जागा तेवढ्यात भरली जाऊ शकते. तो 'पुढे बघू' म्हणतो तेव्हा त्याला आकडा कळलेला नसतो असे आपण समजतो. कित्येकदा त्याने आकडा ऐकून उंबरठा आपल्यापेक्षा अचूक काढलेला असतो.

खेळात या कोंडीतून एक वाट आहे, ती म्हणजे लोटलेल्या चिप्सना उत्तर देण्याऐवजी आपणच आधी लोटणे. वरच्याच डावात मी प्रथम ३००० लोटल्या, तर ४६ टक्क्यांचा उंबरठा समोरच्याच्या वाट्याला जातो. त्याने पाने टाकली तर माझ्या ७००० चिप्सचे मोल ३०,९०० होते. नाही टाकली तर ते १३,४०० आहेच. चारांतून एकदा जरी तो माघार घेणार असेल, तरी डाव सोडून देण्यापेक्षा हे बरे ठरते. अर्थात, कधीच माघार न घेणारे खेळाडूही असतात. आमच्यातही एक आहेत आणि त्यांच्यापुढे हे सारे गणित निष्फळ आहे.

दोनच खेळाडू उरले की ही वक्रता नाहीशी होते. दुसरे बक्षीस दोघांचेही पक्के झालेले असते. उरलेला फरक चिप्सच्या सरळ प्रमाणात असतो, आणि ड्रॉवर पुन्हा साध्या भावाने खेळता येते. २००३ च्या लास वेगासमधील जागतिक मालिकेत ८३९ स्पर्धकांतून ख्रिस मनीमेकर हा हिशोबनीस आणि सॅम फराह हा व्यावसायिक खेळाडू असे दोघेच उरले होते. मनीमेकरच्या हाती इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती. टर्नपर्यंत उघडलेली पाने इस्पिकची नव्वी, छक्की व अठ्ठी आणि चौकटची दुर्री. कोणतेही इस्पिक आले तर फ्लश, पंजा किंवा दश्शी आली तर सलग पाच. न दिसलेल्या ४६ पैकी १५ पाने उपयोगाची, म्हणजे ३३ टक्के. त्याने तिथे बोली वाढविली आणि फराह सोबत राहिला. रिव्हरला बदामाची तिर्री आली. ड्रॉ फुकट गेला होता. मनीमेकरने उरलेल्या सर्व चिप्स लोटल्या. फराहपाशी नव्व्यांची जोडी होती, म्हणजे डाव त्याचाच होता. बराच वेळ विचार करून त्याने ती टाकून दिली.