उन्हावरून फोन, लेसरवरून मांजर

वॉशिंग्टनमधल्या फ्रँकलिन स्कूलच्या गच्चीवर १८८० साली चार्ल्स समनर टेन्टर नावाचा तरुण एका पातळ आरशाच्या पाठीशी तोंड नेऊन बोलत होता. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तिथून २१३ मीटरवर, आपल्या प्रयोगशाळेत, कानाला रिसीव्हर लावून बसला होता. मध्ये तार नव्हती, फक्त ऊन होतं. ऐकू येत असेल तर खिडकीशी येऊन टोपी हलवा, असं टेन्टर म्हणाला. बेलने टोपी हलवली.

यंत्राचं नाव फोटोफोन. आवाजाच्या कंपनांनी आरसा किंचित आतबाहेर व्हायचा आणि त्यावरून उसळलेला उन्हाचा झोत कधी पसरायचा, कधी एकवटायचा. पलीकडे मोठ्या अंतर्वक्र आरशाच्या नाभीपाशी सेलेनियम बसवलेलं. उजेड वाढला की सेलेनियममधून वीज सहज वाहते, कमी झाला की अडते. अशा रीतीने उजेडातले चढउतार विजेत उतरायचे आणि रिसीव्हरमध्ये पुन्हा बोलणं उमटायचं. मार्कोनीचा बिनतारी संदेश यायला अजून दीड दशक होतं. बेलला हा शोध टेलिफोनपेक्षा मोठा वाटायचा. त्याच सुमारास जन्मलेल्या मुलीचं नाव फोटोफोन ठेवायचं त्याच्या मनात होतं. बायकोने ते होऊ दिलं नाही, पोरीचं नशीब!

घोडं अडलं ते उन्हापाशीच. ढग आला की बोलणं बंद, आणि सूर्य काही बटणाने लावता-विझवता येत नाही. हवा होता अतिशय वेगाने उघडझाप करणारा दिवा.

तो आज घरोघरी आहे. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. टोकाचा बारीकसा बल्ब पडद्यावर जांभळट लुकलुकताना दिसेल. (मागच्या कॅमेऱ्यात दिसलं नाही तर सेल्फीचा वापरून बघा, पुष्कळ फोनमध्ये मागे अवरक्त किरण अडवणारी काच असते.) डोळ्यांना न दिसणारा हा उजेड बहुतेक रिमोटमध्ये सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा उघडमीट करतो, आणि त्या उघडमिटीच्या लहानमोठ्या तुकड्यांत ‘आवाज वाढव’ हा हुकूम लिहिलेला असतो. प्रकाशावरून बिनतारी संदेश म्हणतात तो हाच, फक्त फार थोडक्या मजकुराचा.

मजकूर वाढवायचा तर उघडमीट वाढवायची. पिवळ्या बल्बची तार तापायला आणि निवायला वेळ घेते, एलईडीला तो प्रश्न नाही. तरी आपल्या छतावरच्या पांढऱ्या एलईडीत एक खोच आहे. तो मुळात निळा दिवा असतो. त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. निळा प्रकाश चटकन विझतो, लेप मात्र क्षणभर रेंगाळत चमकत राहतो आणि पुढच्या ठिपक्यात मागचा मिसळतो. म्हणून प्रकाश झेलणाऱ्या यंत्रापुढे निळी गाळणी लावतात: रेंगाळणारा पिवळा बाहेर, चपळ निळा आत.

एडिंबरा विद्यापीठाचे हाराल्ड हास यांनी २०११ मध्ये टेडच्या व्यासपीठावर टेबललॅम्पच्या उजेडातून व्हिडिओ चालवून दाखवला. मध्ये हात घातला की चित्र थांबायचं. ‘लाय-फाय’ हे नाव तेव्हापासून तोंडी झालं. त्यासाठी आयईईई या संस्थेचं ८०२.११बीबी हे मानक जून २०२३ मध्ये मंजूर झालं. अधल्यामधल्या काळात ‘आता वाय-फायची सद्दी संपली’ छापाच्या बातम्या येऊन गेल्या. मला त्या कधीच पटल्या नाहीत. फोन खिशात गेला की त्याच्यापुरता अंधार. भिंतीपलीकडे प्रकाश जात नाही, म्हणजे शेजारी चोरून ऐकणार नाही हे खरं, पण स्वयंपाकघरात वेगळा दिवा हवा हेही खरं. शिवाय छतावरून खाली आलेल्या मजकुराला उत्तर धाडायचं तर फोननेही वर उजेड फेकायला हवा. घरात रेडिओलहरींचं बरं चाललंय.

प्रकाशाची खरी कमाई दिसते ती जिथे समोरासमोर बघता येतं पण तार टाकता येत नाही तिथे. काँगो नदीच्या एका काठावर ब्राझाव्हिल, दुसऱ्यावर किन्शासा. दोन्ही राजधान्या, मध्ये अंतर ४.८ किलोमीटर, पण केबल न्यायची तर वळसा ४०० किलोमीटरहून जास्त. अल्फाबेट कंपनीच्या ‘तारा’ प्रकल्पाने नदीवरून लेसरचा झोत सोडला आणि २०२१ मध्ये २० दिवसांत जवळजवळ ७०० टेराबाइट मजकूर पार केला. दाट धुकं पडलं तर मात्र लेसरही हतबल. आंबोलीच्या पावसाळ्यात या यंत्राचे हाल होतील.

अवकाशात धुकं नाही, आणि तिथेच प्रकाशाचा दुसरा गुण कामी येतो. तरंगलांबी जितकी तोकडी तितका झोत कमी फाकतो. नासाचं ‘सायकी’ यान ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच नावाच्या लघुग्रहाकडे निघालं. त्याच्यावरची लेसरची दुर्बीण अवघी २२ सेंटिमीटरची. तीन कोटी किलोमीटरवरून तिचा अवरक्त झोत पृथ्वीवर पोहोचतो तेव्हा काही शे किलोमीटर रुंद असतो. त्याच यानाच्या रेडिओ अँटेनाचा झोत तेवढ्या अंतरात पृथ्वीच्या कित्येक पट पसरतो. अरुंद झोतात ऊर्जा वाया जात नाही, पण नेम चुकला तर सगळंच गेलं. त्यातून पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर धावते. म्हणून पृथ्वी आत्ता दिसते तिथे नव्हे, तर झोत पोहोचेल तेव्हा ती जिथे असेल तिथे नेम धरावा लागतो.

११ डिसेंबर २०२३ रोजी ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून सायकीने १५ सेकंदांचा एक व्हिडिओ धाडला. लेसरच्या लाल ठिपक्यामागे धावणारं टेटर्स नावाचं नारिंगी मांजर. मांजर १०१ सेकंदांत पृथ्वीवर आलं, सेकंदाला २६७ मेगाबिट या वेगाने, आणि कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या हेल दुर्बिणीने ते झेललं. तिथून ते त्याच राज्यातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत साध्या इंटरनेटवरून पाठवण्यात आलं. त्या इंटरनेटचा वेग अवकाशातून आलेल्या लेसरपेक्षा कमी होता.