सोपाधिक विधानांची ओळख व आरेखन : तर्कक्षमता चाचणीतील एक अडचण

प्रस्तावना :
विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ पासून लागू केलेल्या नेट परीक्षेच्या पहिल्या पेपरच्या अभ्यासक्रमात तार्किक युक्तिवादाबरोबरच अनुमान, व्याप्ती व हेत्वाभास यांचा समावेश आहे. राज्य पात्रता परीक्षा (सेट) व राज्यसेवा परीक्षेतील असे प्रश्न मराठीतूनही छापले जातात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची चूक अनेकदा तर्कात नसून वाक्य वाचण्यात असते. प्रस्तुत लेखात या चुकीचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

विधानाची ओळख :
जालना जिल्हा बियाणे उद्योगासाठी परिचित असल्याने तेथीलच उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळा टॅग व पायाभूत बियाण्यास पांढरा टॅग असावा, असा नियम आहे. पुढील विधाने पाहावीत :
(अ) बियाणे प्रमाणित असेल तर पिशवीस निळा टॅग असतो.
(आ) निळा टॅग असेल तरच बियाणे प्रमाणित असते.
(इ) निळ्या टॅगशिवाय बियाणे प्रमाणित नसते.
तिन्हींचे आरेखन एकच आहे :
प्रमाणित → निळा टॅग
बाणाच्या मुळाशी पर्याप्त अट (पूर्वांग) व टोकाशी आवश्यक अट (उत्तरांग) असते. विधान (आ) मध्ये 'असेल' हे क्रियापद आधी आल्याने विद्यार्थी टॅगलाच पूर्वांग समजतो आणि बाण उलटा काढतो. वस्तुतः 'तर'ला लागलेला एक 'च' बाणाची दिशा फिरवितो. 'शिवाय' व 'खेरीज' यांच्यासोबत नकार आला की त्यांचेही कार्य हेच. 'पाऊस पडला की पेरणी होते' यासारख्या वाक्यात तर 'जर' किंवा 'तर' दिसतही नाही.

टॅग नसल्यास बियाणे प्रमाणित नाही, हा निष्कर्ष ग्राह्य आहे. येथे दोन्ही पदे नाकारून बाण उलटविला आहे. मात्र टॅग आहे म्हणून बियाणे प्रमाणितच, हा केवळ व्यत्यास होय. बनावट पिशवीसही निळा टॅग लावता येतो. परीक्षेत या चुकीने गुण जातात. शेतकऱ्याचा हंगाम जातो.

व्याप्ती व उपाधी :
न्यायदर्शनाने हाच भेद फार पूर्वी नोंदविला आहे. 'जेथे धूर तेथे अग्नी' ही व्याप्ती खरी. 'जेथे अग्नी तेथे धूर' ही नव्हे, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये लालबुंद सळई पाहिलेल्या विद्यार्थ्यास हा दृष्टान्त वेगळा समजवावा लागू नये. ओल्या इंधनाची जोड मिळाली तर अग्नीपासून धूर निघतो. या जोड-अटीस नैयायिक 'उपाधी' म्हणतात. आरेखनात ती बाणाच्या मुळाशी अशी लिहावी :
अग्नी + ओले इंधन → धूर
धूर नसल्याचे दिलेले असल्यास अग्नी नाही किंवा इंधन ओले नाही, एवढेच म्हणता येते. यांपैकी नेमके कोणते, हे विचारणाऱ्या प्रश्नात 'निश्चित सांगता येत नाही' हा पर्याय असल्यास तोच बरोबर असतो आणि विद्यार्थी नेमका तोच टाळतात.