उंच काचेची सफाई आणि गच्चीवरचे काम

पुण्यात खराडी, बाणेर आणि येरवडा या भागांत गेल्या दोन-अडीच दशकांत उभ्या राहिलेल्या कार्यालयीन इमारतींच्या दर्शनी बाजूला उघडता येणारी खिडकी सहसा नसते. अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर सिलिकॉनने चिकटवलेल्या काचेची सलग भिंत असते, आणि त्यामुळे सोसायटीतल्या घराप्रमाणे सरकती झडप उघडून आतून हात घालण्याची सोय तेथे उरत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेने (2016) 15 मीटर वा त्याहून अधिक उंचीची इमारत ‘उंच’ मानली आहे, आणि अशा उंचीवर केवळ काच पुसण्यासाठी परांची बांधणे परवडत नसल्याने काचेपर्यंत वरून, गच्चीवरून उतरावे लागते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाचे धाडस तेवढे दिसते. सुरक्षेचा बराचसा निर्णय मात्र त्याने कठड्याबाहेर पाय टाकण्यापूर्वी गच्चीवर, आणि त्याही आधी वास्तुविशारदाच्या नकाशात झालेला असतो.

दोरावरून करायच्या कामात प्रत्येक कामगारासाठी दोन स्वतंत्र दोर सोडले जातात. एकावर तो बसतो आणि उतरतो, तो कामाचा दोर. दुसऱ्यावर एरवी त्याचे वजन मुळीच येत नाही, त्याला साइटवर लाइफलाइन म्हणतात. ही पद्धत गिर्यारोहण व गुहाशोधनातून उद्योगात आली, त्यामुळे सह्याद्रीत रॅपलिंग करणाऱ्या पुणेकरांना हे दोर आणि हार्नेस ओळखीचेच वाटतील. दोर साधारण 11 मिलिमीटर जाडीचा, आत भार पेलणारा गाभा आणि वरून विणलेले आवरण अशा रचनेचा असतो, आणि या कामासाठीच्या युरोपीय मानकानुसार तो किमान 22 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने 2,200 किलोंचा भार सहन करू शकतो. एवढा मजबूत दोरही कठड्याच्या धारेवर किंवा वरच्या पत्र्याच्या कडेवर घासत राहिला तर कापला जाऊ शकतो. म्हणून त्या जागी जाड कॅनव्हास किंवा अग्निशमनाच्या जुन्या होजपाइपचा तुकडा दोरावर चढवतात.

दोर कशाला बांधला, हा प्रश्न दोराच्या जाडीहून महत्त्वाचा आहे. दोन्ही दोर एकाच खांबाला बांधले, तर दोर दोन असूनही आधार एकच राहतो. इमारत बांधतानाच गच्चीच्या काँक्रीटमध्ये भारचाचणी केलेले पोलादी अँकर बसवले असतील तर अडचण नसते. ते नसतील तर लिफ्टच्या मशीनरूमचा आरसीसी स्तंभ शोधावा लागतो, आणि पाण्याच्या टाकीचा पाइप किंवा एसीचा स्टँड हाताशी आहे म्हणून त्यालाच दोर बांधण्याचा मोह येथेच होतो. काचेच्या दर्शनी भागावर मोठा खर्च करणाऱ्या बिल्डरने तिच्या सफाईसाठी अँकर बसवू नयेत, हे समजण्यापलीकडचे आहे.

उतरताना कामाच्या दोरावरील डिसेंडर हे उपकरण हातातला दांडा सोडताच आपोआप थांबते, आणि लाइफलाइनवरील फॉल अरेस्टर कामगाराबरोबर सावकाश सरकतो, पण अचानक झटका बसला की दोर पकडून ठेवतो. तो खांद्याच्या पातळीखाली राहू न देणे ही सवय लावावी लागते, कारण तो जितका खाली, तितके पडण्याचे अंतर जास्त. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साकळून थोड्याच वेळात त्याची शुद्ध हरपू शकते. म्हणून त्याला उतरवू शकणारा दुसरा प्रशिक्षित माणूस गच्चीवर हवाच, केवळ अग्निशमन दलाच्या भरवशावर राहून चालत नाही. खालची जागा पट्टी बांधून बंद केलेली असते आणि वरचे प्रत्येक साधन, अगदी वायपरसुद्धा, दोरीने पट्ट्याला अडकवलेले असते.

प्रत्यक्ष पुसण्याची कृती त्या मानाने साधी: सौम्य साबणाचे पाणी लावायचे, मग रबराच्या वायपरने वरून खाली ओढून घ्यायचे. उन्हात तापलेल्या काचेवर साबण ओढण्याआधीच वाळतो, त्यामुळे पूर्वेची बाजू दुपारनंतर आणि पश्चिमेची सकाळी घेतली जाते. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काढण्यासाठी काही ठिकाणी आम्ल वापरले जाते. ते त्वचेला घातक असते आणि नायलॉनचा दोरही दुबळा करते, पण दोराचे हे नुकसान वरून दिसेलच असे नाही.

एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाआधी उठणारा वारा दोरावरच्या माणसाला इमारतीवर आपटू शकतो, म्हणून ढग दाटून येताच काम थांबवणे हाच शहाणपणा. पुण्याची आणखी एक अडचण म्हणजे छज्ज्यांखाली आणि उंच मजल्यांवर लागणारी आग्या मोहोळे. जमिनीवरचा माणूस निदान पळू तरी शकतो, दोरावरच्या माणसाला ती मुभा नसते. त्यामुळे दोर सोडण्यापूर्वी चारही बाजू दुर्बिणीने पाहणे, मोहोळ आढळल्यास ती बाजू त्या दिवशी वगळणे आणि ते हलवायचे झाल्यास जाणकाराला बोलावणे, हे सारे कामाच्या परवान्यातच लिहिलेले असावे. मधमाश्यांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था 1962 पासून याच शहरात आहे, तेव्हा माहितीची वानवा नाही; सफाईच्या निविदेत मात्र दर चौरस फुटाचा भाव सर्वांत वर असतो आणि त्या पाहणीसाठी लागणारा अर्धा दिवस कोणत्याच रकान्यात बसत नाही.