रखडणाऱ्या सर्व्हरवरचा उपाय

अवाढव्य फाइल एका यंत्रात मावत नाही, म्हणून तिचे तुकडे करून शेकडो यंत्रांवर ठेवतात. यंत्रं बिघडणारच, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती. गूगलने २००३ मध्ये आपल्या फाइल सिस्टिमची रचना शोधनिबंधात मांडली, तेव्हा एक तुकडा ६४ एमबीचा होता. कुठला तुकडा कुठे आहे, याची नोंद एका मास्टर यंत्राच्या मेमरीत असे. प्रोग्राम मास्टरला फक्त पत्ता विचारत असे आणि डेटा थेट तुकडा ठेवणाऱ्या सर्व्हरकडून घेत असे. हडूपची एचडीएफएस ही फाइल सिस्टिम याच धर्तीवर बांधली गेली.

गूगलची ही रचना घाईच्या कामासाठी नव्हतीच. एकेक मागणी चटकन पुरी होण्यापेक्षा भरपूर डेटा सलग वाहता राहणं महत्त्वाचं, असं निबंधातच म्हटलं आहे. पुढे जीमेलसारख्या सेवा तिच्यावर आल्या आणि पडद्यासमोर माणूस वाट पाहू लागला. सुरुवातीच्या काळात मास्टर बंद पडला, तर तासभर सगळं ठप्प होऊ शकत असे. ती वेळ नंतर दहा-वीस सेकंदांच्या घरात आणावी लागली.

पण मेलेलं यंत्र निदान ओळखता येतं. खरा त्रास जिवंत असून रखडणाऱ्या यंत्राचा. एचडीएफएसमध्ये प्रत्येक डेटानोड, म्हणजे तुकडे ठेवणारा सर्व्हर, दर ३ सेकंदांनी ‘मी आहे’ असा निरोप पाठवतो. निरोप थांबले, तरी त्याला मृत ठरवायला मूळ सेटिंगनुसार साडेदहा मिनिटं जातात. आणि ज्याची डिस्क कुरकुरते आहे, तो तर वेळेवर निरोप पाठवत राहतो. वाचणारा मात्र ताटकळतो.

अशा यंत्रांचं प्रमाण थोडं असतं, म्हणून सोडून द्यावं असं वाटेल. हिशेब करून पाहा. एका सर्व्हरच्या शंभरातल्या एका उत्तराला एक सेकंद लागतो, बाकीची झटपट येतात. तुमच्या मागणीला १०० सर्व्हरची उत्तरं हवी असतील, तर सगळी झटपट येण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे जेमतेम ३७ टक्के. उरलेल्या ६३ टक्के वेळा कुणीतरी एक जण सगळ्यांना अडवून ठेवतो. सरासरी वेग कितीही चांगला असो, इथे तो कामाचा नाही.

यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. तीन प्रती आहेतच. पहिल्या सर्व्हरकडे मागणी करायची, थोडा वेळ थांबायचं. उत्तर आलं नाही, तर तीच मागणी दुसऱ्या प्रतीकडे धाडायची. आधी येईल ते उत्तर घ्यायचं. जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ मध्ये गूगलच्या बिगटेबल या डेटा साठवणाऱ्या प्रणालीवरचे आकडे दिले: १०० सर्व्हरवरची १,००० मूल्यं वाचताना १० मिलिसेकंदांनी दुसरी मागणी पाठवली, तर हजारात एखाद्या वेळी होणारा १,८०० मिलिसेकंदांचा उशीर ७४ वर आला. जादा मागण्या फक्त २ टक्के.

लिहिताना ही युक्ती चालत नाही. एचडीएफएसमध्ये डेटा एका प्रतीकडून दुसरीकडे साखळीने जातो, त्यामुळे सगळ्यांत संथ यंत्राचा वेग हाच साखळीचा वेग.

एचडीएफएसमध्ये या दुहेरी वाचनाची सोय आहे, पण मूळ सेटिंगमध्ये तिच्यासाठीच्या थ्रेडची संख्या शून्य, म्हणजे सोय बंद असते. तुमच्या क्लस्टरवर ताबडतोब उत्तर देणारं काम चालत असेल, तर ते सेटिंग आधी तपासा.