फुलाचा रंग राहतो कुठे?

जास्वंद सकाळी उमलते आणि बहुधा संध्याकाळपर्यंत मिटते. फूल कागदात दाबून ठेवलं तर आकार उरतो, रंग मात्र उडतो. मग दूरदेशीचं फूल लोकांना दाखवायचं कसं?

मॅरिअन नॉर्थ या इंग्लिश चित्रकर्तीनं याला उत्तर दिलं. १८७१ च्या डिसेंबरात, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्या एकट्या जमैका बेटावर उतरल्या. ओसाड पडलेल्या वनस्पती-उद्यानातलं एक घर त्यांनी भाड्यानं घेतलं. उजाडताच बाहेर पडून दुपारपर्यंत चित्रं काढायची, पाऊस आला की घरात बसून फुलं रंगवायची, असा त्यांचा दिनक्रम होता.

त्या काळी वनस्पतींची चित्रं सहसा जलरंगांत, कोऱ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढत. मॅरिअनबाईंनी तैलरंग घेतले आणि फूल जिथं वाढतं तिथंच रंगवलं. मागे डोंगर, शेजारी वेली, एखादं फुलपाखरू. त्यामुळे फुलासोबत त्याचा शेजारही कळतो.

हा निव्वळ छंद राहिला नाही. बोर्निओतल्या एका घटपर्णीचं त्यांचं चित्र पाहून इंग्लंडमधल्या रोपवाटिकेनं माणूस धाडला आणि ती नवी जाती हाती आली. आज ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

लंडनच्या क्यू उद्यानात त्यांनी स्वखर्चानं बांधलेलं दालन १८८२ मध्ये खुलं झालं. तिथं आठशेहून अधिक चित्रं दाटीवाटीनं लावलेली आहेत. दिवसभरात मिटणारी फुलं तिथं अजून उमललेलीच आहेत.